गेमिंग पीसीचा एसएमपीएस: वॅटचा आकडा बाजूला ठेवा, १२ व्होल्टची ओळ वाचा

प्रश्न थोडक्यात असा: साठ-पासष्ट हजारांत गेमिंग पीसी जुळवायचा आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी. दुकानदार कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा) फुकट देतो आहे. मित्र म्हणतो, ७५० च्या खाली जाऊच नकोस. घर नागपुरात, वीज गेली की सगळं इन्व्हर्टरवर. मग घ्यायचं काय?

चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा घ्या. फुकटचा नको आणि ७५० ची गरज नाही. आता कारणं, कारण दुकानात उभं राहिल्यावर तीच उपयोगी पडतात.

आधी बेरीज. ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण सॉकेटमधून तो ७६ वॅटपर्यंत ओढू शकतो. ४०६० चा एनव्हिडियाने दिलेला आकडा ११५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, तीन-चार पंखे, दिवे, कीबोर्ड-माउस यांचे मिळून ४० ते ५० वॅट धरा. झाले साधारण २४०. गेम चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी कमाल मर्यादेला क्वचितच टेकतात, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी. या किमतीच्या पट्ट्यातली जास्त वीज खाणारी जोडी घेतली, म्हणजे ११७ वॅटपर्यंत जाणारा आय५ १२४००एफ आणि १९० वॅटचं इंटेल आर्क बी५८० कार्ड, तरी बेरीज ३६० च्या आत राहते. खऱ्या ५५० वॅटवर तो ६५ टक्के भार झाला. आरएक्स ६६०० (१३२ वॅट), आरटीएक्स ५०६० (१४५), आरएक्स ७६०० (१६५), आरटीएक्स ३०६० (१७०) ही सगळी कार्डं त्याच्या आतली.

मग कार्डाच्या खोक्यावर ‘किमान ५५० वॅट’ का छापतात? खरेदीदाराकडे प्रोसेसर कोणता असेल आणि एसएमपीएस कोणत्या दर्जाचा असेल हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून हात राखून आकडा दिलेला असतो. पुढे २५० वॅटचं आरटीएक्स ५०७० किंवा २६३ वॅटचं आरएक्स ७८०० एक्सटी घ्यायचा बेत नक्की असेल, तर आत्ताच ६५० घ्या. ३०० वॅटच्या कार्डाचा विचार असेल तरच ७५०. नुसतं ‘पुढेमागे बघू’ असं असेल, तर ते पैसे आत्ता कार्डात किंवा रॅममध्ये घाला.

आता मुख्य मुद्दा. पेटीवरचा मोठा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. एसएमपीएस उलटा करा आणि बाजूला चिकटवलेलं लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय. प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास पूर्णपणे १२ व्होल्टवर चालतात. म्हणून १२ व्होल्टखालचे अँपिअर घ्या आणि १२ ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट. ५५० च्या एसएमपीएसमध्ये ५४० वॅट १२ व्होल्टवर मिळत असतील, तर आकडा खरा आहे.

फुकटात मिळणाऱ्या एसएमपीएसवर साधारण दुसरंच चित्र दिसतं. १२ व्होल्टचे दोन कप्पे, एकात १४ अँपिअर, दुसऱ्यात १५. लोक २९ ला १२ ने गुणून ३४८ काढतात. पण खाली बारीक अक्षरांत दोन्ही मिळून कमाल २६४ वॅट लिहिलेलं असतं, आणि तीच खरी मर्यादा. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत दाखवून ५०० चा आकडा गाठलेला असतो. आजच्या पीसीत त्या दोन ओळींवर जेमतेम ३०-४० वॅट लागतात, त्यामुळे तिथली ताकद वाया जाते. बाकी काही लेबलांवर तर एकत्रित मर्यादा दिलेलीच नसते, किंवा आकडा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो, अखंड चालण्याचा नसतो. असा एसएमपीएस सरळ बाजूला ठेवा.

१२ व्होल्टची क्षमता एकूण क्षमतेच्या खूप खाली असेल, तर आणखी एक गोष्ट बहुतेक वेळा कळते: आतली रचना जुनी, ग्रुप रेग्युलेटेड आहे. या रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली एकत्र सांभाळले जातात. ग्राफिक्स कार्डाने १२ व्होल्टवर मोठा भार टाकला आणि ५ व्होल्टवर काहीच भार नसला, की १२ खाली बसतं आणि ५ वर चढतं. गेमिंग पीसीत नेमकी हीच स्थिती रोज तासन्‌तास असते. नव्या रचनेत मुख्य भाग फक्त १२ व्होल्ट तयार करतो आणि ३.३ व ५ व्होल्ट त्यातूनच छोट्या डीसी-टू-डीसी पट्ट्यांवर बनतात, त्यामुळे एकाच्या भाराने दुसरा हलत नाही. दुकानदाराला ‘डीसी टू डीसी आहे का’ एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. हे वैशिष्ट्य असेल तर कंपनी ते ठळक लिहिते.

ग्राफिक्स कार्ड सरासरी ११५ वॅट घेतं, पण काही मायक्रोसेकंदांसाठी त्याच्या बरीच वर उसळी मारतं. वॉटमीटरवर ती दिसत नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला दिसते. पीसीच्या एसएमपीएससाठी २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात याची नोंद घेतली गेली: १६ पिनच्या नव्या जोडणीचे, ४५० वॅटच्या वरचे एसएमपीएस १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार झेलू शकले पाहिजेत. ४०६० सारख्या कार्डाला हे मानक अत्यावश्यक नाही, त्याच्या उसळ्या ५५० वॅटच्या पोटात मावतात. तेवढ्याच किमतीत एटीएक्स ३.० किंवा ३.१ चं मॉडेल मिळत असेल तर मात्र तेच उचला.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड या शिक्क्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. शिक्का फक्त कार्यक्षमता मोजतो: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पीसीला मिळाली आणि किती उष्णता होऊन गेली. व्होल्टेज किती स्थिर आहे, रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, किती आहे (१२ व्होल्टवर मर्यादा १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्ट), संरक्षण वेळेवर काम करतं का, यातलं काहीही तो सांगत नाही. २०२१ साली गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या दोन मॉडेलांवर बराच गदारोळ झाला होता. दोन्ही गोल्ड, दोन्ही पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबली सुट्या करता येणारे. अडचण होती ती अतिभार संरक्षण फार उशिरा चालू होण्याची. कंपनीने नंतर ती मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली आणि ठराविक अनुक्रमांकांचे एसएमपीएस बदलून देण्याची तयारी दाखवली. गोल्डचा शिक्का त्यात कुठेच आडवा आला नाही.

गोल्डने वीजबिल वाचतं हे खरं, पण किती ते पाहा. २५० वॅटच्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून २९४ वॅट लागतात, ९० टक्क्यांनी २७८. फरक १६ वॅटचा. रोज चार तास खेळलात तर वर्षाला साधारण २४ युनिट, दहा रुपये दराने २४० रुपये. गोल्डसाठी दोन हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला आठ वर्षांच्या वर लागतात. तुमच्या बजेटला चांगला ब्रॉन्झ पुरेसा आहे. गोल्ड घ्यायचाच असेल तर तो कमी तापतो आणि पंखा शांत राहतो म्हणून घ्या.

संरक्षणांची यादी पेटीवर किंवा माहितीपत्रकात असते. अतिव्होल्टेज, अल्पव्होल्टेज, शॉर्ट सर्किट, अतिभार ही बहुतेकांकडे असतात. ओटीपी, म्हणजे आतलं तापमान वाढल्यावर बंद होण्याची सोय, स्वस्त मॉडेलांत हमखास गाळलेली असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावकडे हीच सोय सगळ्यांत आधी शोधा.

तापमानाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. एसएमपीएसची क्षमता एका ठराविक तापमानाला दिलेली असते, काही कंपन्या ४० अंशांना देतात, काही ५० ला. मे महिन्यात विदर्भात बाहेर ४५ अंश असताना खोलीत ३६-३८ असतात आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. ४० अंशांना मोजलेले ५५० वॅट तिथे पूर्ण मिळतीलच असं नाही. म्हणून ५० अंशांचा आकडा देणारं मॉडेल निवडा. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, तेव्हा १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला घ्या, ८५ चे नकोत. बसवताना पंख्याचं तोंड खाली, कॅबिनेटच्या जाळीकडे. कॅबिनेट सतरंजीवर ठेवलेलं असेल किंवा खाली पायांची फट नसेल तर मात्र तोंड वर करा. खालची जाळी महिन्यातून एकदा काढून झटका.

आता वीजपुरवठा. लेबलवर इनपुटची ओळ असते. तिथे १००-२४० व्होल्ट असेल तर उत्तम. बजेटमधली काही मॉडेलं फक्त २००-२४० व्होल्टची असतात. शहरात ती व्यवस्थित चालतात, पण गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज १७०-१८० वर येत असेल, तर ती बंद पडतात किंवा चालूच होत नाहीत. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सम प्रमाणात ओढणारं सर्किट) असलेल्या १००-२४० च्या एसएमपीएसला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. मागे लाल ११५/२३० चा खटका दिसला तर ती जुनी रचना समजा. तो चुकून ११५ वर राहिला आणि बटण दाबलं, तर एसएमपीएस जागेवर फुटतो.

इन्व्हर्टरवर पीसी बंद होण्याची तक्रार बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या एका स्विचमुळे असते. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या मुख्य कपॅसिटरमधल्या साठ्यावर काही मिलिसेकंद तग धरतो. एटीएक्स ३.० मध्ये ही मर्यादा ८० टक्के भाराला १७ आणि पूर्ण भाराला १२ मिलिसेकंद आहे. घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये दहाच्या आसपास. स्विच यूपीएसवर करा. ५५० वॅटच्या एसएमपीएसवर २४० वॅटचाच भार असला, की साठा जास्त वेळ पुरतो. थोडी जास्त क्षमता घेण्याचा आपल्याकडे हा प्रत्यक्ष मिळणारा फायदा आहे.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा, असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसशी त्याचं अनेकदा जमत नाही: गुरगुर ऐकू येते, पीसी अचानक बंद होतो किंवा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो. गेमिंग पीसीला प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत लहर देणारा, इन्व्हर्टर घ्या. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून भिंतीतून ३१० च्या आसपास जाऊ शकतात. म्हणजे चालेल, पण अगदी काठावर आणि थोडाच वेळ. १००० व्हीए घेतलात तर गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, म्हणून एसएमपीएस खराब आहे असं मानून बदलणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे छोटे वाय कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थिंग नसलं की कॅबिनेट या दोघांच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतं. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण याच स्थितीत एचडीएमआयची केबल काढ-घाल केली तर कार्डाचा किंवा मॉनिटरचा पोर्ट जाऊ शकतो. नवा एसएमपीएस आणून हे जाणार नाही. वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावू नका. सॉकेट ६ अँपिअरचा पुरतो, हा पीसी दीड अँपिअरही घेत नाही.

केबलींमध्ये तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रोसेसरच्या ४+४ पिन केबलची लांबी. एसएमपीएस खाली असलेल्या कॅबिनेटमध्ये ती मदरबोर्डच्या मागून वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यावी लागते, ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ओढाताण होते. दुसरी, ग्राफिक्स कार्डासाठी ६+२ पिनची खरी केबल. ४०६० च्या बहुतेक कार्डांना एकच ८ पिन लागते आणि ती १५० वॅटची असते. ती नसेल तर साटाच्या (एसएसडी-हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून ६ पिन काढणारा कन्व्हर्टर लावू नका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. ६ पिनमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन सारख्याच दिसतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. जोर लावून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.

तिसरी गोष्ट मॉड्युलर घेणाऱ्यांसाठी. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबली नव्याला लावायच्या नाहीत, एकाच कंपनीच्या असल्या तरी नाही. मदरबोर्डकडचं टोक प्रमाणित आहे, एसएमपीएसकडचं नाही. पिन अचूक बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी, हार्डडिस्क एका क्षणात संपते. बजेटमध्ये मॉड्युलरचा हट्टही नको. जास्तीच्या वायरी कॅबिनेटच्या खालच्या कप्प्यात लपतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, चांगला ५५० वॅट ब्रॉन्झ साधारण साडेतीन ते साडेचार हजारांत बसतो. कोर्सेअर सीएक्स, डीपकूल पीके, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, एमएसआय एमएजी ए-बीएन या मालिका या गटात मिळतात. शोध इथून सुरू करा, पण मालिकेच्या नावावर थांबू नका. हे एसएमपीएस पुष्कळदा दुसरेच कारखाने बनवतात आणि त्याच नावाखाली काही वर्षांनी आतली रचना बदलते, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती पाहा. सायबेनेटिक्स ही चाचणी संस्था तपासलेल्या मॉडेलांचे अहवाल मोफत देते. त्यात कार्यक्षमतेबरोबर रिपल, होल्ड-अप वेळ (वीज गेल्यावर तग धरण्याची वेळ) आणि आवाजही असतो. तुमचं मॉडेल तिथे असेल तर दहा मिनिटं देऊन वाचा. वॉरंटी पाच वर्षांची असावी, तीन असेल तर किंमत तितकी कमी हवी. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या. वापरलेला एसएमपीएस घेऊ नका. कार्ड किंवा रॅम जुनी चालते, पण एसएमपीएसचे कपॅसिटर किती झिजलेत हे बाहेरून कळत नाही.

पीसी जुळल्यावर पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळण्याची मुदत असतानाच, त्याला ताण द्या. एसएमपीएसच्या मुख्य प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का हे पाहण्याची पद्धत फक्त एसएमपीएस चालू होतो एवढंच सांगते. ओसीसीटी या ताण देणाऱ्या प्रोग्रामची पॉवर चाचणी अर्धा तास चालवा, तिच्यात प्रोसेसर आणि कार्ड दोघांवर एकदम भार येतो. त्याच वेळी मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या) जोडणीत मोजा: पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५. सगळ्या वायरी काळ्या असतील तर मोलेक्सच्या मधल्या दोन पिना ग्राउंड असतात, कडेच्या दोन १२ आणि ५ व्होल्टच्या. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, मदरबोर्डचा सेन्सर बराच चुकतो.

फक्त प्रोसेसरवर ताण दिला तर ठीक, फक्त कार्डावर दिला तर ठीक, आणि दोन्ही एकत्र दिले की निळा पडदा न येताच पीसी बंद, असं झालं तर संशय आधी एसएमपीएसवर घ्या. मागचा स्विच काही सेकंद बंद करून परत लावल्याशिवाय चालूच होत नसेल, तर संरक्षण सर्किटने त्याला रोखून धरलं आहे. विंडोजच्या नोंदींत दिसणारं ‘कर्नल-पॉवर ४१’ हा पुरावा नाही, पीसी नीट बंद झाला नाही एवढाच त्याचा अर्थ; दोष रॅमचाही असू शकतो. काहीही झालं तरी एसएमपीएसचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वरचा साठा राहू शकतो, आणि सील तुटलं की वॉरंटीही जाते.